आई-बाबा, माझं रोम राहिलं नाही

रावेन्ना,
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय आई आणि बाबा,

साष्टांग नमस्कार.

रोज व्हिडिओ कॉल होतो तरी पत्र लिहितेय, कारण हा विषय मी फोनवर काढला की बाबा लगेच "ते राहू दे, जेवलीस का" म्हणून बोलणं दुसरीकडे नेतात आणि आई कॅमेरा गॅलरीतल्या कुंड्यांकडे फिरवते. परवा आत्याचा फोन आला होता. तिच्याकडून कळलं की बाबा तिला म्हणाले, आमच्या गुडघ्यांपायी पोरीचं रोम बघायचं राहून गेलं, आम्ही उगाच मध्ये गेलो. आणि आई, तूही वहिनीला जवळजवळ हेच सांगितलंयस, की आम्ही नसतो तर दोघं बहीणभाऊ भराभर सगळं बघून मोकळे झाले असते. मला ऐकून फार वाईट वाटलं. म्हणून आता सगळं नीट लिहून काढतेय. दुपारच्या चहाला बसाल तेव्हा वाचा, आणि बाबा, चष्मा लावून तुम्हीच मोठ्याने वाचा, म्हणजे आईला सगळं ऐकायला मिळेल.

आधी दादाच्या त्या रोमच्या लिस्टबद्दल. ती त्याने नाशिकला बसून मोठ्या प्रेमाने केली होती, सकाळी व्हॅटिकनचं म्युझियम, दुपारी फोरम, संध्याकाळी त्रास्तेवेरे, मधेच एक दिवस फ्लॉरेन्सला जाऊन येऊ, असं सगळं वेळेसकट. पण रोमचे रस्ते मोबाइलमध्ये कळत नाहीत. ते काळ्या दगडाचे छोटे ठोकळे, सानपिएत्रिनी म्हणतात त्यांना, ज्वालामुखीचाच दगड आहे तोही, चालून चालून वरून गुळगुळीत झालेला आणि मधल्या फटीत पाय मुरगळेल असा, त्यावर बाबांचे गुडघे किती वेळ साथ देणार? पहिल्याच दिवशी दुपारी पियात्सा व्हेनेझियाला, जिथे मेट्रोच्या कामाचे पत्रे लावलेत तिथे, तुम्ही दोघं थांबलात आणि म्हणालात "तुम्ही व्हा पुढे, आम्ही इथे सावलीत बसतो". मी तिथेच दादाला सांगितलं की लिस्ट ठेवून दे. सकाळी एकच ठिकाण, दुपारी घरी येऊन जेवण आणि झोप, संध्याकाळी एखाद्या चौकात नुसतं बसायचं. तुम्हाला वाटतं ही मी तुमच्यासाठी केलेली तडजोड. नाही हो. गणपती विसर्जन करून आपण समृद्धीवरून मुंबईला निघालो तेव्हापासून घट बसायच्या आत तुम्ही परत नाशिकला पोचेपर्यंत, एवढेच तर दिवस होते आपल्याकडे, आणि मला ते धावण्यात घालवायचे नव्हते.

आता बाबा, पँथिऑनचा, त्या जुन्या रोमन देवळाचा, दिवस आठवा. पाच-पाच युरोचं तिकीट काढून आत गेलो तर बाकी लोक काय करत होते, मान वर, फोटो, एक चक्कर, बाहेर. दहा मिनिटांत माणूस मोकळा. तुम्ही मधल्या बाकावर बसलात आणि मग आपण सगळेच बसलो. घुमटाला मध्यभागी ते मोठं गोल भोक, वर उघडं आकाश, आणि तुम्ही विचारलंत की पाऊस आला तर पाणी जातं कुठं. आयुष्यभर पाटबंधारे खात्यात काढलेला माणूस दुसरं काय विचारणार! मग तुम्हीच काठी टेकत शोधलंत, की फरशी मधोमध किंचित फुगीर आहे आणि त्या उतारावर फरशीतच बारीक भोकं ठेवलीत. दादाने बॅटरी लावून बघितली ती.

मी तुम्हाला सांगत होते की हा घुमट साधारण १२५ साली बांधून झाला, आतला व्यास ४३ मीटरहून थोडा जास्त, जमिनीपासून उंचीही तेवढीच, खालच्या भागाच्या काँक्रीटमध्ये जड दगड आणि वर जावं तसा हलका होत शेवटी प्युमिस, म्हणजे ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड, म्हणून वरचं वजन कमी. सळई एकही नाही, आणि बिनसळईचा इतका मोठा काँक्रीटचा घुमट जगात आजही दुसरा नाही. तुम्ही थोडा वेळ वर बघत बसलात आणि म्हणालात, "सळई नाही म्हणूनच टिकला. सळई असती तर कधीच गंजून, फुगून काँक्रीट फोडून बाहेर आली असती." बाबा, गेल्या आठवड्यात आमच्या सरांनी अख्खं लेक्चर यावर घेतलं. विसाव्या शतकातल्या काँक्रीटच्या इमारती का खराब होतात, लोखंड गंजलं की त्याचं आकारमान कसं वाढतं आणि आतून तडे कसे जातात, हेच सगळं. मी वहीत तारीख टाकून लिहिलंय की हे मला आधी माझ्या बाबांनी सांगितलं.

आणि त्याच दिवशीचं पुढचं तर मी कुठल्याच लिस्टमध्ये वाचलं नव्हतं. पँथिऑनच्या मागेच ते चर्च, सांता मारिया सोप्रा मिनेर्व्हा, समोर दगडी हत्तीच्या पाठीवर इजिप्तचा स्तंभ. तुम्हाला जरा टेकायचं होतं म्हणून तिथे थांबलो. दादा आणि मी हत्तीचा फोटो काढतोय आणि तुमचं लक्ष चर्चच्या साध्या पांढऱ्या भिंतीकडे, उजव्या बाजूला काही छोट्या दगडी पाट्या बसवलेल्या, वेगवेगळ्या उंचीवर. तुम्ही म्हणालात, "ही पुराची पातळी आहे." आम्ही जवळ जाऊन बघितलं तर खरंच, तिबेर नदीला पूर आला तेव्हा पाणी कुठवर चढलं त्याच्या खुणा, वर्षासकट. १५९८ ची खूण सगळ्यात वर, माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर. १८७० ची पण आहे, त्या पुरानंतरच त्यांनी नदीच्या दोन्ही काठांनी त्या उंच भिंती बांधायला घेतल्या. तुम्ही बोट धरून एकेक साल वाचत होतात आणि मग आपल्या गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीवर आलात, आपल्याकडे गंगेला पाणी आलं की सगळं नाशिक कसं विचारतं, मारुतीच्या कुठवर आलंय, कमरेला की छातीला. आणि १९६९ च्या पुराची ती गोष्ट, तुम्ही शाळकरी असताना भद्रकालीतून आजोबांच्या मागे पाणी बघायला गेला होतात ती, जी मी लहानपणापासून तुकड्यातुकड्यात ऐकली होती, ती त्या दिवशी पहिल्यांदा सलग ऐकली. त्या चौकातून रोज हजारो माणसं जातात बाबा. भिंतीकडे कोण बघतं? तुम्हाला बसावं लागलं म्हणून ते दिसलं. मी जुन्या वास्तूंचं काम शिकायला निघालेली, आणि नदीकाठच्या गावात पहिलं काय शोधायचं असतं ते मला तुम्ही दाखवलंत.

आई, आता तुझ्याकडे येते.

सेंट पीटर्सला जायचं म्हटल्यावर तूच सगळ्यात उत्साहात होतीस, आणि रांग बघून आम्ही घाबरलो तरी तू घाबरली नाहीस. हे त्यांचं ज्युबिलीचं, म्हणजे पवित्र वर्ष, ज्युबिलीची प्रथा १३०० सालापासूनची, आता दर पंचवीस वर्षांनी येणारी, आणि यंदा जगभरातून लोक त्या पवित्र दारातून आत जायला येतायत. कुठल्या कुठल्या गावांचे जथे, पुढे एकाने लाकडी क्रॉस धरलेला, मागे सगळे गात चाललेले, म्हातारे, व्हीलचेअरवरचे, कडेवर पोरं. तू म्हणालीस, "अगं ही तर दिंडीच आहे." आणि मग तुझं सुरू झालं, एवढ्या लोकांना पाणी कुठे, बायकांची सोय कुठे, हरवलेल्यांचं काय करतात, २०१५ च्या सिंहस्थात आपल्याकडे पंचवटीत काय काय झालं होतं आणि २०२७ ला काय होणार. ते चौकाचौकातले पाण्याचे लोखंडी नळ तुला फार आवडले, चोवीस तास गार पाणी, फुकट, आणि तोटीला खालून बोट लावलं की वरच्या भोकातून कारंजं येतं आणि वाकायला लागत नाही. नाशिकला हे पाहिजे असं तू दिवसातून दोनदा तरी म्हणायचीस. मला वाटतं तू हे खरंच नगरसेवकांना सांगावंस, मनापासून सांगते. गोदाघाटावर उन्हात आलेल्या म्हाताऱ्या माणसाला पाण्यासाठी बाटली विकत घ्यायला लागू नये एवढी साधी गोष्ट आहे ती.

आत गेल्यावर उजवीकडे पहिलीच पिएता, मृत येशूला मांडीवर घेतलेल्या मारियाचं शिल्प. काचेच्या मागे, लांबून बघायची. मी तुला सांगायला लागले की मायकेलअँजेलोने ही केली तेव्हा तो पंचविशीच्या आतबाहेर होता, एकाच संगमरवराच्या दगडातून. तू ऐकतच नव्हतीस. तू त्या आईच्या हातांकडे बघत होतीस, एक हात मुलाच्या काखेखाली, बोटं मांसात रुतलेली, आणि दुसरा हात नुसता मोकळा, उघडा. नंतर म्हणालीस, "केवढं जड झालं असेल गं मांडीवर." एवढंच. मी कॉलेजमध्ये त्या शिल्पाचे किती फोटो बघितलेत, त्यावर पेपर लिहिलाय, मला कधी त्या वजनाचं सुचलं नव्हतं. मग तू विचारलंस की काच का लावली, तर मी सांगितलं की १९७२ साली एका माणसाने हातोडा घेऊन घाव घातले, मारियाचं नाक, पापणी, हात फुटला, तुकडे विखुरले, आणि तिथल्या लोकांनी ते वेचून, जुन्या साच्यांवरून ताडून, परत जोडले, इतके की आता कुठे जोडलंय ते दिसत नाही. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "म्हणजे तू हे शिकणार?"

आई, दोन वर्षं मी तुला समजावत होते मी नक्की काय शिकायला चाललेय. तू सगळ्यांना सांगायचीस की आर्किटेक्टचंच पुढचं काहीतरी आहे. चांगली चाललेली नोकरी सोडून, या वयात, लग्नाचं बोलणं बाजूला ठेवून ही कशाला जाते हे तुझ्या तोंडावर दिसायचं आणि तू कधी बोलून दाखवलं नाहीस. त्या काचेसमोर तुला ते कळलं आणि मला दिसलं की कळलं. मी सगळं व्हॅटिकन म्युझियम आणि सिस्टीन चॅपल त्या एका प्रश्नाच्या बदल्यात सोडून देईन. आणि सोडून द्यायचीही गरज नाहीये, त्याचं पुढे सांगतेच.

कोलोसियमला फार वेळ नव्हता लागला, लिफ्ट मिळाली ते बरं झालं. तिथलं मला एवढंच आठवतंय की ८० साली त्याचं उद्घाटन झालं म्हटल्यावर बाबांनी हिशोब लावला की साधारण त्याच काळात आपल्या पांडवलेण्यात पण छिन्नी-हातोडे चालू होते. आणि मी सांगितलं की तिथल्या सतराव्या लेण्यात एका यवनाचा लेख आहे, इंद्राग्निदत्त नावाच्या, धर्मदेवाचा मुलगा, उत्तरेकडून आलेला, त्याने ते लेणं कोरवून घेतलं. तर बाबा म्हणाले, म्हणजे तेव्हापासून लोक लांबलांबहून आपल्याकडे येतायत, आता आपली पोरगी इकडे आली तर काय बिघडलं. दादाने ते ऐकून माझ्याकडे बघितलं होतं. तुम्हाला माहीत नसेल, पण नाशिकहून निघायच्या आदल्या रात्री मी दादाजवळ खूप रडले होते, की यांना सत्तरीत एकटं टाकून चाललेय. त्या वाक्यानंतर मी रडले नाही.

आणि बाजार! आई, एस्क्विलिनोच्या त्या मंडईत तू जी रमलीस तशी मी तुला दहीपुलावर पण बघितलेली नाही. बांगलादेशी भाजीवाला, तुझी हिंदी, त्याची हिंदी, मधे इटालियन बाई टोमॅटो निवडतेय, आणि तुला कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, मेथी, भेंडी सगळं मिळालं. मिरची तोडून वास घेऊन बघितलीस आणि त्याला म्हणालीस, तिखट आहे ना नक्की, तर तो हसून म्हणाला, आंटी, बहुत. संध्याकाळी त्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये खलबत्ता नव्हता तर तू तव्यावर मिरच्या, लसूण, दाणे भाजून काचेच्या जाड पेल्याच्या बुडाने तिथेच ठेचल्यास, मीठ टाकलंस, आणि आपण कोपऱ्यावरच्या दुकानातून वजनावर आणलेला तो साधा पिझ्झा, कात्रीने कापून देतात तो, त्याच्यासोबत खाल्ला. दादा अजून मित्रांना सांगतो, रोममधलं बेस्ट जेवण म्हणजे आईचा ठेचा. मी आता इथे तसाच करते. पेला तसा जाड मिळाला नाही, पण होतो बरा.

बाबांना पहाटे साडेतीनला जाग यायची आणि तुम्ही आम्हाला झोपू द्यावं म्हणून अंधारात बसून राहायचात. मला जाग असायची, मला माहीत होतं. म्हणून त्या दिवशी मी म्हटलं चला, आणि उजाडता उजाडता त्रेव्हीच्या कारंज्यावर गेलो, जिथे आदल्या संध्याकाळी माणसांच्या डोक्यांशिवाय काही दिसलं नव्हतं. सकाळी तिथे आपण आणि झाडूवाले. पाण्याचा आवाज ऐकू येत होता. बाबा, हे पाणी ज्या मार्गाने येतं तो कालवा इसवी सनापूर्वी १९ साली बांधलेला, मधे पडझड, दुरुस्त्या झाल्या, पण पाणी तेच अजून येतंय, हे सांगितल्यावर तुम्ही कठड्याला हात लावून उभे राहिलात आणि मेंटेनन्स कोण बघतं विचारलंत. आईने नाणं टाकलं, आणि ही नाणी गोळा करून गरिबांसाठी काम करणाऱ्या संस्थेला देतात हे कळल्यावर अजून एक टाकलं. गर्दीच्या शहरात ती सकाळ आपल्याला तुमच्या झोप न येण्यामुळे मिळाली.

आता जे "राहिलं" त्याबद्दल. सिस्टीन चॅपल राहिलं, फोरम आतून राहिला, फ्लॉरेन्स राहिलं, सेंट पीटर्सच्या घुमटाच्या ५५१ पायऱ्या मी चढले नाही, दादा एकटा चढून आला. मला जायचं नव्हतं, मला तुमच्यासोबत खाली चौकातल्या खांबांच्या सावलीत बसायचं होतं आणि मी बसले. इथून गाडीने बोलोन्या तासा-सव्वातासात, तिथून फास्ट ट्रेनने रोम दोन-सव्वादोन तास. एखाद्या शनिवारी डबा घेऊन जाईन आणि बघून येईन. मी इथे दोन वर्षं आहे, आणि ते सगळं शेकडो वर्षं उभंय, ते कुठे जात नाही. बाबांबरोबर भिंतीवरची पुराची सालं वाचायला मात्र मला एकटीला कुठल्याही शनिवारी जमणार नाही. तेव्हा कृपा करून कुणालाही परत असं सांगू नका. आमच्यामुळे राहिलं असं तुम्ही म्हणता तेव्हा माझे ते दिवस कमी होतात.

इकडचं सगळं ठीक आहे. युनिव्हर्सिटी बोलोन्याची, १०८८ सालची म्हणतात ती, पण आमचा विभाग इथे रावेन्नाला, ते मला फार आवडलंय. छोटं गाव, सगळे सायकलवर. पेर्मेस्सोचा, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याचा अर्ज पोस्टात वेळेत भरला, आल्यापासून कामकाजाच्या आठ दिवसांत भरावा लागतो, आता पोलिसांकडची बोटांचे ठसे द्यायची तारीख मिळालीय, त्यामुळे ते टेन्शन गेलं. लॅबमध्ये सध्या दगडातलं मीठ शिकतोय, ओल वर चढते, पाणी उडून जातं, मीठ मागे राहून दगडाचे पापुद्रे काढतं, आणि मला सारखे गोदाघाटावरच्या देवळांचे खालचे थर डोळ्यांसमोर येतात. बाबा, जमलं तर सकाळी फिरायला गंगेवर जाल तेव्हा नारोशंकराच्या देवळाच्या पायाजवळचे दोन-चार फोटो जवळून काढून पाठवा, उन्हात नको, सावलीत, आणि शेजारी पट्टी किंवा पेन ठेवा म्हणजे मापाचा अंदाज येईल.

आणि एप्रिलमध्ये इकडे या. हे मी ठरवूनच लिहितेय. रावेन्ना एकदम सपाट आहे, चढ नाही, आणि इथली पाचव्या-सहाव्या शतकातली मोझेइकची चर्चेस एकमेकांपासून चालत जाता येईल अशी, मधे मधे बाक. सान व्हितालेत आत गेलं की भिंतभर रंगीत काचेचे तुकडे, इतके बारीक की आई जवळ जाऊन मोजत बसेल. आपण रोज एकच बघू. एप्रिलला थंडी पण गेलेली असते. इन्शुरन्स आणि व्हिसाचे कागद मी इथून पाठवते, दादा अपॉइंटमेंट बघेल, गेल्या वेळची फाइल कपाटात वरच्या खणात आहे ती हलवू नका. तोपर्यंत बाबा, गुडघ्याचे व्यायाम रोज, खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा तो सुद्धा, आई तू समोर बसून करून घे. बीपीची गोळी सकाळचीच, विसरलीस तर दुपारी एकदम दोन गोळ्या घेऊ नकोस.

दिवाळीचं पार्सल पाठवणार असाल तर तुपाचं, दुधाचं काही घालू नका, ते कस्टममध्ये अडकतं. लाडू राहू देत यंदा. चकलीची भाजणी पाठव, मेतकूट पाठव, आणि चिवडा थोडा जास्त, कारण खालच्या मजल्यावरच्या आजींना मी आधीच कबूल केलाय.

तुमची,
मनू